परीक्षेच्या आदल्या रात्री आलेला नळ

माझी भाची यंदा दहावीला होती. विज्ञान भाग १ चा पेपर सकाळी ११ वाजता, आणि त्याच रात्री अडीच वाजता आमच्या गल्लीत नळ आला. आमच्याकडे पाणी सहाव्या-सातव्या दिवशी येतं, ते कधी येईल याचा नेम नाही. त्यात रमजान. सहरीला उठायचंच होतं, म्हणून कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्वयंपाकघरातून डोकावले तर पोरगी एका हाताने पाइप पिंपात धरून उभी, आणि दुसऱ्या पिंपाच्या झाकणावर पुस्तक उघडं. धडा उष्णतेचा. पान ‘पाण्याचे असंगत आचरण’.

तिचा भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. तो झोपला होता. त्याला सहरीचं ताट वाढल्यावर उठवतात.

या पानावर एक हमखास येणारा प्रश्न आहे. थंड प्रदेशात तलाव गोठला तरी त्यातले मासे जिवंत राहतात, शास्त्रीय कारण लिहा. भाचीने उत्तर गाईडमधून पाठ केलं होतं, अल्पविरामासकट. मी विचारलं, बर्फ पाण्यावर का तरंगतो? ती म्हणाली, “खाला, वो तो तैरताच है ना. उसमें कायकू क्या?”

मला हे उत्तर आवडलं. निदान प्रामाणिक होतं. आमच्या शहरात कोणी गोठलेला तलाव पाहिलेला नाही, सर्वांनी पाहिला आहे तो इफ्तारच्या शरबतातला बर्फ. मग तिथूनच सुरू करावं ना! बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही आकसतं, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याच्या खाली ते उलट प्रसरण पावायला लागतं. म्हणून ४ अंशांचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी बसतं. त्याहून थंड पाणी हलकं, ते वर येतं आणि वरच गोठतं. मासे खाली ४ अंशांत राहतात, वर बर्फाचं छप्पर. होपच्या उपकरणात जे दोन तापमापी लावतात ते हेच दाखवतात. आधी खालचा ४ अंशांवर येऊन थांबतो, मग वरचा शून्याकडे घसरतो.

ती म्हणाली, “अच्छा, कसाफ़त कम हो जाती!”

भाची सातवीपर्यंत उर्दू शाळेत होती. आमच्या भागातली ती शाळा सातवीलाच संपते, म्हणून आठवीपासून मराठी शाळा. तिच्या डोक्यात ‘कसाफ़त’ हा शब्द अर्थासकट आहे आणि ‘घनता’ हा शब्द स्पेलिंगसारखा आहे. अप्रकट उष्मा म्हटलं की ती कपाळाला आठ्या घालते. मख़्फ़ी हरारत म्हटलं की लगेच कळतं, लपलेली उष्णता. शाळेत मात्र तिला कोणी हे दोन शब्द शेजारी ठेवून दाखवले नाहीत. उर्दूतून मराठीत आलेली अशी किती मुलं प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेली असतात, आणि शिक्षक समजतात की यांना विज्ञान जमत नाही. खरं तर त्यांना विज्ञान निम्मं आधीच आलेलं असतं. आम्ही एका वहीत दोन रकाने केले. तबख़ीर, बाष्पीभवन. नुक्ता-ए-जोश, उत्कलन बिंदू. मागे तिच्या दोन मैत्रिणींनी ती वही उतरवून घेतली. दोन भाषांत निघणाऱ्या या मासिकाच्या वाचकांना मी आणखी काय समजावू! तुमच्या घरात असं कोणी मूल असेल तर एवढी एक वही करून द्या, क्लासची फी वाचेल.

गणितंही घरातलीच घेतली. एक लिटर शरबत, तापमान २८ अंश. त्यात शून्य अंशाचा २०० ग्रॅम बर्फ टाकला. बर्फाचा प्रत्येक ग्रॅम नुसता वितळायला ८० कॅलरी खातो. म्हणजे १६,००० कॅलरी वितळण्यातच गेल्या, आणि त्या काळात बर्फाचं तापमान शून्यावरून हललंसुद्धा नाही. भांड्याची उष्णता सोडून हिशेब केला तर शरबत १० अंशांवर येतं. त्याच जागी शून्य अंशाचं २०० ग्रॅम पाणी ओतलं असतं तर जेमतेम २३ अंश. हा फरक कुठे गेला, तर लपला. मख़्फ़ी. भाचीने तीनदा हिशेब तपासला आणि मग म्हणाली की मामू बर्फ कमी आणतात तेव्हा शरबत का बेचव लागतं ते कळलं.

आता एक जरा टोचणारी गोष्ट. हा अभ्यास चालू असताना घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज काही ना काही येत होतं. पाण्याबद्दलचं सगळं विज्ञान आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलेलं आहे, इंग्रजांना आत्ता कळलं, वगैरे. प्रत्येक जिवंत वस्तू पाण्यापासून केली असं कुरआनात आहे आणि ती आयत मला प्रिय आहे. पण ती आयत वाचून कोणाला ८० कॅलरी सापडत नाहीत, त्या मोजाव्या लागतात. आपल्याच इतिहासातले लोक हे जाणत होते. अल-बिरुनीने धातू आणि रत्नं पाण्यात बुडवून त्यांची सापेक्ष घनता काढली. अल-ख़ाज़िनीने ११२१ मध्ये ‘मीज़ान अल-हिकमा’ लिहिलं, त्यात पदार्थ हवेत आणि पाण्यात तोलायच्या तराजूचं सविस्तर वर्णन आहे. ही माणसं नमाजी होती आणि तराजूही घेऊन बसत होती. आपण त्यांची नावं फॉरवर्ड करतो, तराजू मात्र घरात नाही.

तराजू नाही तर बादली तरी आहे. आम्ही एक प्रयोग केला. नळाखाली बादली ठेवून घरातल्या एकेकाने वुजू केला आणि पाणी मोजलं. माझ्या दाजींचं पाणी सहा लिटर भरलं, माझं साडेचार. हदीसमध्ये येतं की पैगंबर एका मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे जेमतेम लिटरभर, काही हिशेबांत त्याहूनही कमी. दाजी थोडे खजील झाले, मग म्हणाले, तोटीच ढिली आहे. असेल. पण दुसऱ्या दिवसापासून ते लोटा घेऊन बसायला लागले. सहा दिवसांनी नळ येणाऱ्या घरात पाच माणसांच्या पाच वक्तांच्या वुजूचा हिशेब काय होतो, हे भाचीने स्वतः मांडलं. पेपरात ‘पाण्याची बचत करण्याचे उपाय लिहा’ असं आलं तर ती आता ‘दात घासताना नळ बंद ठेवावा’ असलं लिहिणार नाही. तशी धार आमच्याकडे वाहते तरी कुठे!

रमजानच्या आधी एका रविवारी तिला पाणचक्कीला घेऊन गेले होते. आम्ही औरंगाबादकर, कागदावर आता छत्रपती संभाजीनगरचे. लहानपणापासून पाहुणे आले की पाणचक्की दाखवायची, त्यामुळे आपण स्वतः ती कधीच बघत नाही. काही किलोमीटरांवरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापर्यंत आणलं, उंचावरून पाडलं आणि त्या जोरावर जातं फिरवलं. फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ. मोटर नाही, डिझेल नाही. त्याही आधी मलिक अंबरने, हबशी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेल्या त्या माणसाने, १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिच्यासाठी भुयारी नहर खोदवली. भाचीला मात्र सगळ्यात जास्त आवडलं ते हौदाखालचं दालन. हौदाचा तळ हेच त्याचं छत. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गारवा. का, म्हणून मी विचारलं. पाणी हळू तापतं, विशिष्ट उष्माधारकता जास्त, आणि वरच्या पाण्याचं बाष्पीभवन होताना ते उष्णता घेऊन जातं, हे तिने एका दमात सांगितलं. मग शेवटी थोडं थांबून, “मटके जैसा.”

म्हणजे पोरगी हुशार आहे. मग अडतं कुठे? अडीच वाजताच्या पिंपाशी अडतं.

रोजा ठेवून पेपर द्यावा की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. मौलाना काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणतात, शेजारच्या मुलीने ठेवला होता, तिला चक्कर आली होती. मी फतवा देणारी कोणी नाही. माझं म्हणणं एवढंच की तो निर्णय तिला घेऊ द्यावा, आणि तिने घेतला. रोजा ठेवला. पण एवढ्या चर्चेत एकालाही सुचलं नाही की तिला रात्री पाणी भरायला उठवू नये. पंधरा वर्षांच्या मुलीच्या पोटात पाणी असावं की नसावं यावर सगळं खानदान बोलायला तयार, तिच्या हातातला पाइप मात्र कोणाला दिसत नाही. आणि हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. पलीकडच्या गल्लीत हंडा घेऊन उभी असते तीही मुलगीच. पण आपल्या घरात काय करायचं ते आपल्या हातात आहे. महानगराची पाइपलाइन मी उद्या बदलू शकत नाही. पाइप कोणी धरायचा हे बदलू शकते.

मी सहरीच्या आधीच भाच्याला उठवलं. तो म्हणाला, मेरा पेपर नहीं है क्या? त्याचा पेपर नव्हता, बारावीची परीक्षा त्याची आधीच संपली होती. माझी बहीण, म्हणजे त्याची अम्मी, म्हणाली, राहू दे, तो उगाच सांडून ठेवेल. सांडू दे, मी म्हटलं. त्याने खरंच सांडलं, बाथरूमपासून पॅसेजपर्यंत. भाची आत जाऊन पुस्तक घेऊन बसली, आणि अर्ध्या तासात झोपली. तेही बरंच झालं.

पेपरात माशांचा प्रश्न आला नाही. पुनर्हिमायन आलं, आणि दवबिंदूवर एक प्रश्न होता. बरा गेला म्हणाली. भाग २ चा पेपर दोन दिवसांनी होता, आणि पुढचा नळ त्यानंतर. त्या रात्री भाच्याने मोबाईलला गजर लावून ठेवला होता. वाजला तेव्हा पहिल्या हाकेला उठला नाही, दुसऱ्या हाकेला उठला.