रंग कामगाराचा, उजेड कोणाचा?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. सत्ताधाऱ्यांना सुचलेला उपाय कोणता? तर धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवावेत! म्हणजे डोंबिवलीचे संकट रायगडच्या श्रमिकांच्या दारी.

खरा सवाल जागेचा नाही. रसायनविद्या कोणासाठी राबते, हा आहे.

१८७१ साली जर्मन रसायनज्ञ बायर यांनी फ्लुओरेसिन हा रंग तयार केला. निळा प्रकाश पडताच तो हिरवा उजळतो. मधुमेही रोग्याच्या शिरेत तो टोचून डोळ्यातील रक्तवाहिन्यांची गळती आजही पाहतात. १९४० च्या दशकारंभी अमेरिकेत कून्स यांनी प्रतिपिंडांना असे रंग जोडून जंतू उजळून दाखविले. आज पेशीतील नेमक्या घटकाला चिकटून प्रकाशणारे रेणू घडविले जातात. अशा रेणूंवर उभ्या राहिलेल्या सूक्ष्मदर्शनाला २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे रेणू म्हणजे रंगच. कापडाच्या रंगांचे सख्खे भाऊबंद.

ही विद्या आपल्याला परकी नाही. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत रंगशास्त्राची जुनी परंपरा आहे. तिचे संचालक राहिलेले के. वेंकटरामन हे १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्रकाशमान रंगांवर माटुंग्यात आजही संशोधन चालते. माटुंगा ते डोंबिवली हे अंतर एका लोकलचे. तरीही आपल्या प्रयोगशाळा असे कितीतरी रेणू परदेशी कंपन्यांकडून विकत घेतात. कापडाचा रंग किलोने विकला जातो, हे रेणू मिलिग्रॅमने, आणि पुष्कळदा सोन्याहून महाग. ही किंमत कच्च्या मालाची नव्हे. शुद्धतेची, चाचणीची आणि पेटंटच्या मक्तेदारीची आहे.

मिलिग्रॅमच्या धंद्यावर हजारो संसार चालणार नाहीत, असा आक्षेप निघेल. तो खरा आहे. हा रामबाण उपाय नव्हे, आणि जुन्या कारखान्यांतील सुरक्षिततेची जबाबदारीही त्यामुळे टळत नाही. परंतु घातक माल टनांनी काढून कल्याणच्या खाडीत सांडपाणी सोडायचे आणि ज्ञानाचा नफा मात्र परक्यांच्या हाती ठेवायचा, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. ती धोरणाची निवड आहे.

म्हणून ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या कामगार चळवळीने स्थलांतराच्या वादात अडकून न पडता मागणी करावी: सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सार्वजनिक राहो, डोंबिवलीत सरकारी शुद्धीकरण व चाचणी केंद्र उभे राहो, रंगकामगारांना तेथे प्रशिक्षण व काम मिळो. ज्याच्या हातांनी रंग घडतो, त्याच्या वाट्याला केवळ धूर का यावा?