वनस्पतीची पीडा आणि औषधाचे वीर्य

औषधी द्रव्याचे वीर्य केवळ वनस्पतीच्या जातीवर नव्हे, तर भूमी, ऋतू आणि तिने भोगलेल्या पीडेवरही अवलंबून असते, हे वैद्यवर्गास नवीन नाही. काळ, ऊन, अग्नी, पाणी, वारा व जंतू यांनी ज्यांचे गंध, वर्ण, रस व प्रभाव बिघडलेले नाहीत अशीच द्रव्ये घ्यावीत, असा चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायाचा दंडक आहे. मेटाबोलोमिक्स ही आधुनिक शास्त्रशाखा हाच विषय प्रयोगशाळेत हाताळते. वनस्पतीतील शर्करा, अमिनो आम्ले, फ्लेव्होनॉइड, अल्कलॉइड अशी शेकडो द्रव्ये एकाच वेळी तपासून, दुष्काळ वा रोग आल्यावर त्यांत कोणता पालट होतो हे ती दाखवते.

याचे एक उदाहरण आपल्या शिवारातील पिकाचे आहे. हरभऱ्यावरील मर रोग खानदेशच्या शेतकऱ्यास परिचित आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी रोगप्रतिकारक व रोगास बळी पडणाऱ्या वाणांच्या मुळांची अशी तपासणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बुरशीच्या संसर्गानंतर प्रतिकारक वाणात फ्लेव्होनॉइड व आयसोफ्लेव्होनॉइड अधिक आढळले. रोग तोच, पीक तेच. परंतु मुळातील द्रव्यसंघटन वेगळे!

मात्र यावरून पीडित वनस्पती सर्वथा त्याज्य ठरत नाही. सातपुड्यातील सालईच्या खोडास खाच पाडल्यावर स्रवणारा निर्यास ही त्या वृक्षाची जखमेवरील प्रतिक्रियाच होय. तीच आपली शल्लकी. अगरूचे सुगंधी काष्ठही जखमी व बुरशीग्रस्त खोडातच निर्माण होते. उलट, साठवणीत बुरशी लागलेल्या मुळात ॲफ्लाटॉक्सिनसारखे विष उतरू शकते. तेव्हा पीडा कोणती, किती आणि केव्हा झाली, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्या फार्मसीत एकूण राख, आम्ल-अविद्राव्य राख, जल व मद्यार्क-विद्राव्य अंश या चाचण्या होतात. त्या आवश्यकच आहेत. पण वनस्पतीने काय सोसले हे त्यांतून कळत नाही. एखाद्याच घटकाचे प्रमाण मोजूनही ते पुरतेपणी कळणार नाही. एकाच नावाच्या चूर्णाचा गुण एका वर्षी येतो व दुसऱ्या वर्षी येत नाही, तेव्हा रुग्णाची प्रकृती किंवा वैद्याची मात्रा यांनाच दोष देणे कितपत न्याय्य?

ही तपासणी खर्चिक आहे आणि लहान फार्मसीस एकट्याने परवडणारी नाही, हा आक्षेप मान्य आहे. म्हणूनच हे कार्य संघटनेने सामायिकपणे हाती घ्यावे. प्रत्येक खरेदीबरोबर गाव, जमीन, पाऊसमान, रोगाची लक्षणे व काढणीचा महिना यांची नोंद ठेवावी आणि थोडा नमुना जपून ठेवावा. एवढ्यास यंत्र लागत नाही. अशा नोंदींसह निवडक नमुने घेऊन जळगावच्या विद्यापीठाकडे किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेकडे सहकार्य मागता येईल. नोंदीवाचून केलेली महागडी तपासणी मात्र आकड्यांचा ढीगच ठरेल.

द्रव्यपरीक्षा हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. ती केवळ व्यापाऱ्याच्या शब्दावर सोडून चालणार नाही, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.