बाळंतिणीचे ताट आणि अर्धा तास

या खेपेला एका वाचक भगिनीचे पत्र समोर ठेवूनच लिहायला बसले आहे. बाई नाशिककडच्या. पहिलटकरीण, मुलगा चार महिन्यांचा, अंगावर पिणारा. त्या लिहितात, "सासूबाई रोज सकाळी डिंकाचा एक, मेथीचा एक असे दोन लाडू आणि वर वाटीभर खीर देतात. वजन ६२ चे ७४ किलो झाले. दोन महिन्यांनी धाकट्या दिरांचे लग्न आहे आणि एकही ब्लाउज अंगात जात नाही. म्हणून गेले पंधरा दिवस मी भात, तूप, लाडू सगळे बंद केले. रात्री नुसती काकडी आणि टोमॅटो खाते. वजन उतरतेय, पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बाळही रात्री फार रडते. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची?"

चूक कुणाची हे ठरवायला मी काही कोर्टात बसलेली नाही. पण अंधारी येते म्हणता ना, मग आधी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. लग्न, ब्लाउज, लाडू हे सगळे त्यानंतर. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. त्यात बाळंतपणात रक्त जाते ते वेगळेच. अशा अंगाने उपास करायचा म्हणजे रिकाम्या डब्यातून आणखी पीठ काढण्यासारखे आहे. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी बाळंतपणानंतरही रोज एक, १८० दिवस घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. घरोघरी काय होते, तर बाळ हाती आले की गोळ्यांची पट्टी औषधाच्या डब्याच्या तळाशी जाते. ती आज शोधून काढा. चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतलीत तर चांगलेच. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती जेवणाबरोबर घ्या आणि दोन गोळ्यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर एक दुसरीला शोषू देत नाही.

आता ताटाकडे येऊ. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सांगणे आहे. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण एक ज्वारीची भाकरी, एक वाटी घट्ट वरण, एक पेला दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, एवढ्यात तो जवळजवळ भरतो. म्हणजे "दोन जिवांचे खा" म्हणून ताट दुप्पट वाढायचे कारण नाही, आणि ताट निम्मे करायचे तर नाहीच नाही. प्रथिनेही रोज १७ ग्रॅम जास्त हवीत. ती काकडी-टोमॅटोत कुठून येणार? डाळी, उसळी, दूध, दही, अंडे, मासळी, ज्या घरात जे चालते ते, पण दोन्ही जेवणांत काहीतरी हवेच.

लाडवांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण निम्म्या घरांत भांडण तिथेच असते. डिंक, खारीक, खोबरे, खसखस, गूळ, साजूक तूप, सगळे चांगलेच जिन्नस. पण हा लाडू कुठल्या बाईसाठी होता, ते आठवा. सव्वा महिना झाला की ती जात्यावर बसायची, विहिरीचे पाणी शेंदायची, शेतावर जायची. दिवसभर कांडण-दळण असायचे. त्या अंगाला तो लाडू लागतच होता. आता घरात नळ आला, मिक्सर आला, दळण गिरणीत जाते. जाते गेले आणि लाडू तेवढा राहिला! एका मध्यम लाडवात सहज दोनशेच्या आसपास कॅलरी असतात. दोन लाडू आणि वर खीर म्हणजे जास्तीचे सगळे खाणे सकाळी आठच्या आत संपले, आणि पुढे दोन वेळचे जेवण आहेच.

तरी लाडू बंद करू नका, असेच मी म्हणेन. सासूबाईंनी खारका कुटल्या, डिंक तुपात फुलवला, त्यात त्यांचा जीव आहे. त्यांना एवढेच म्हणा, "आई, लाडू लिंबाएवढा वळा, मी रोज एक खाईन." भांड्यात हात घालून लाडू वळणारी बाई या विनंतीला नाही म्हणत नाही. खिरीऐवजी अळीव घ्या. चमचाभर अळीव नारळाच्या पाण्यात तासभर भिजवायचे, दुपटीने फुगतात, मग ओले खोबरे आणि थोडा गूळ घालून मंद गॅसवर आटवायचे. अळिवात लोह भरपूर असते. (आमच्याकडे थोरलीला हा प्रकार इतका आवडतो की बाळंतीण नसलेल्या घरातही तो महिन्यातून एकदा होतो.)

आणि पथ्ये! पाणी कमी प्या, पालेभाजी नको, फळ नको, दही तर नावच काढू नका. पहिले थोडे दिवस पोट नाजूक असते तेव्हा मऊ भात, मुगाचे वरण, मेतकूट हे सोयीचे खरे. पण महिना झाल्यावरही बाईला भाजीपाला आणि फळे द्यायची नाहीत, यात कसले शहाणपण? लोहाच्या गोळीने आधीच पोट साफ होत नाही, त्यात पालेभाजी आणि पाणी दोन्ही तोडले की ती बिचारी सांगणार कुणाला? पाजायला बसले की तहान लागते, हे प्रत्येकीला माहीत आहे. जिथे बसता तिथे तांब्या-भांडे भरून ठेवा. ओवा, बाळंतशोपा जेवणानंतर खुशाल खा, मला त्या फार आवडतात.

पत्रात न लिहिलेली एक गोष्टही मला दिसते. बहुतेक बायका खातात कधी, तर सगळ्यांचे झाल्यावर. बाळाची अंघोळ, ह्यांचा डबा, सासऱ्यांचा चहा, आणि अकरा वाजता उभ्याउभ्या कालची पोळी आणि चहा. मग दुपारी तीनला भूक खवळते आणि हाताला फरसाणाचा डबा लागतो. वजन वाढते ते पुष्कळदा या तीनच्या भुकेने. त्याला उपाय एकच, सकाळी बाळाला मालिश करण्याआधी तुम्ही खायचे. मालिशवाली बाई येते तिला दहा मिनिटे थांबू दे. भाजणीचे थालीपीठ आणि दही, किंवा मोड आलेल्या मुगाची वाटीभर उसळ, किंवा नाचणीची आंबील. भाजणी महिन्याची एकदम दळून आणा. मूग रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा, तिसऱ्या दिवशी उसळ. पाजण्याच्या जागेशेजारी एक लहान डबा असू द्या. त्यात भाजलेले चणे, शेंगदाणे, दोन खारका. रात्री दोनला उठावे लागते तेव्हा हा डबा बिस्किटांच्या पुड्यापेक्षा फार बरा.

वजनाचे म्हणाल तर दीड-दोन महिने त्याचा विचारही करू नये. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरले तर दुधावर परिणाम होत नाही. त्याहून घाई नको. दोन महिन्यांत तीन-चार किलो म्हणजे सुखाचे. बाकीचे ब्लाउज शिंप्याकडे न्या आणि आतली शिवण सोडून घ्या, ती त्यासाठीच असते!

व्यायामाविषयी विचारले की दोन टोकांची उत्तरे येतात. एक, "सहा महिने हलू नकोस." दुसरे, मोबाइलवर दिसणारी कोणी नटी, बाळंतपणानंतर दोन महिन्यांत सपाट पोटाची. दोन्ही बाजूला ठेवा. साधे बाळंतपण असेल तर घरातल्या घरात चालणे पहिल्या दिवसांपासून करायचेच असते. सिझेरियन असेल तर दीड-दोन महिने बाळापेक्षा जड काही उचलू नका, भरलेली बादली तर मुळीच नाही, आणि व्यायामाला लागण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात आधी करायचा व्यायाम कुणाला दिसतही नाही. ओटीच्या तळाशी जे स्नायू असतात, ज्यांनी आपण लघवी आणि वारा आवरून धरतो, ते बाळंतपणात ताणून सैल पडतात. पुष्कळ बायकांना शिंकताना, खोकताना, मूल उचलताना थेंब-थेंब लघवी होते. लाजेने त्या कुणालाच सांगत नाहीत. लग्नाकार्याला जायचे टाळतात, पाणी कमी पितात, आणि "मूल झाले की असेच व्हायचे" म्हणून वर्षानुवर्षे काढतात. असेच व्हायचे, असे काही नाही हो. हे स्नायू आत वर ओढून पाच मोजेपर्यंत धरायचे, पाच मोजेपर्यंत सैल सोडायचे, असे दहा वेळा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि पोट आवळायचे नाही. दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा प्रयोग नको. बाळ पीत असताना करा, म्हणजे आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर बाईमाणूस फिजिओथेरपिस्ट शोधा, ही चैन नाही.

पोटाचे पाहू. नऊवारीचा पट्टा किंवा बाजारचा बेल्ट बांधल्याने कमरेला आधार वाटतो, उठणे-बसणे सोपे जाते. पण त्याने चरबी वितळत नाही, आणि करकचून बांधला तर सगळा दाब खाली त्याच सैल स्नायूंवर येतो. उताणे झोपून गुडघे दुमडा, डोके किंचित वर उचला आणि बेंबीच्या वर बोटे ठेवून पाहा. मधोमध दोनाहून जास्त बोटे आत जात असतील, किंवा पोटाचा उंचवटा वर येत असेल, तर पोटाचे स्नायू अजून जवळ आलेले नाहीत. अशा पोटाने उठाबैठकीसारखे पोटाचे व्यायाम करू नयेत. खोल श्वास, कुशीवरून उठणे आणि चालणे, एवढे पुरे.

चालण्याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला १५० मिनिटे असा दिला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, आणि तो सकाळ-दुपार-संध्याकाळ दहा दहा मिनिटे तोडून केला तरी चालतो. धाकट्याच्या वेळी मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर चालत असे. एका वाटीत दहा चिंचोके, एक फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. घड्याळ पाहावे लागत नसे आणि बाळ रडले की फेऱ्यांचा हिशेब चुकत नसे. शाळेत परत रुजू झाले तेव्हा तीन मजले चढताना धाप लागली नाही, एवढी त्या चिंचोक्यांची पुण्याई.

काहीजणींच्या बाबतीत प्रश्न आळसाचा नसतो. खावेसे वाटत नाही, झोप येत नाही, बाळाकडे पाहूनही काही वाटत नाही, कारण नसताना रडू येते. पहिल्या आठवड्यात असे अनेकींना होते आणि निघूनही जाते. दोन आठवड्यांपुढे तसेच राहिले तर तो आजार आहे, त्याला औषध आहे, डॉक्टरांकडे जा. घरच्यांनीही "आमच्या वेळी नव्हते असले काही" हे वाक्य तेवढे गिळावे. त्यांच्या वेळीही होते, बोलायची सोय नव्हती.

राहता राहिला वेळ. तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो, आणि नेमका मागावा लागतो. "जरा बाळाला बघा ना" म्हटले की घरातले सगळे जरा बघतात आणि पाच मिनिटांत हाक मारतात. त्याऐवजी "सात ते साडेसात बाळ तुमच्याकडे" असे आमच्या ह्यांना मी सांगितले होते. पहिले चार दिवस बाळ रडले, हेही कावरेबावरे झाले. पाचव्या दिवशी गच्चीवरून ऐकू आले, बापलेक रेडिओवरचे गाणे ऐकत बसले होते. नाशिकच्या भगिनी, तुमच्याकडे हा अर्धा तास सासूबाईंकडे मागा. पाजून झाल्यावर लगेच बाळ त्यांच्या मांडीवर द्या आणि चप्पल घाला. अबोला सुटायलाही तो उपयोगी पडेल, कारण परत आल्यावर त्या तुम्हाला बाळाने काय काय केले ते सांगितल्याशिवाय राहणार नाहीत.