गोळी आहे, पण वाट कोठे आहे?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र आपण अजून तेच करीत आहोत.

भारतात या विषाणूची पहिली नोंद 1986 साली मद्रासला झाली. 2004 पासून सरकारी केंद्रांत बाधितांना मोफत औषधे मिळू लागली आणि कितीतरी संसार सावरले. पण लागण होण्याआधी घ्यावयाचीही गोळी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तिला ‘प्रेप’ म्हणतात. टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबिन ही औषधे तीत एकत्र असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली जोखीम अधिक असलेल्यांसाठी प्रेपची शिफारस केली. नेमाने घेतल्यास शरीरसंबंधातून होणारी लागण सुमारे 99 टक्के टळते.

मग अडते कोठे? करमाळ्यासारख्या गावात औषधाच्या दुकानात सगळेच ओळखीचे. सोलापूर शंभर किलोमीटरहून दूर. जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. ज्या बाईचा नवरा बाधित आहे, तिने विचारावे तरी कोणाला?

25 मार्च 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरांना फोनवरून व व्हिडिओवरून सल्ला देण्याची मुभा दिली. त्याच वर्षी ‘ई-संजीवनी’वर घरबसल्या मोफत सल्ला मिळू लागला. ही वाट प्रेपसाठी का वापरू नये?

अर्थात फोन रक्त तपासू शकत नाही. गोळी सुरू करण्यापूर्वी आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी हवी. मूत्रपिंडाचीही तपासणी हवी. म्हणून सल्ला फोनवर, चाचणी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आणि गोळी तेथेच मोफत, अशी सांगड घातली पाहिजे. घरात फोन एकच व तोही नवऱ्याच्या खिशात असेल, तर आशाताईंच्या फोनवरून बोलण्याची सोय हवी.

याने स्वैराचार वाढेल, असे काही जण म्हणतील. पण विंचवाचा उतारा घरात ठेवला म्हणून कोणी विंचू शोधत फिरत नाही. शिवाय ही गोळी इतर गुप्तरोग टाळत नाही. निरोध लागतोच, हे डॉक्टर सांगतीलच.

2017 च्या कायद्याने चाचणीसाठी संमती व माहितीची गुप्तता यांना संरक्षण दिले आहे. कायदा कागदावर आहे. तो पाळायचा आपण. 1097 हा मोफत मदत क्रमांक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावण्यास तर कोणाच्याही परवानगीची वाट पाहण्याचे कारण नसावे!