संपादकांनो, मते मागायला या!

पत्रकाराने राजकारणात पडू नये, असे म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींशी माझे कधीच जमले नाही. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. ‘केसरी’चे टिळक १८९५ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून गेले. त्या काळी मतदार मूठभर होते हे खरे. पण त्या मूठभरांपुढे टिळकांना उभे राहावेच लागले. त्यांच्यानंतर ‘केसरी’ चालविणारे न. चिं. केळकर १९२३ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. आणि आचार्य अत्रे? १५ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘मराठा’ काढला आणि पुढल्याच वर्षी दादरमधून विधानसभेत! सकाळी ज्यांनी अग्रलेख वाचला, त्यांनीच पेटीत मत टाकले. संपादकाला याहून चांगली पावती कोणती हवी?

तेव्हा माझे भांडण संपादकाच्या जाण्याशी नाही. तो कोणत्या दाराने गेला, एवढेच मला विचारावयाचे आहे.

‘लोकसत्ते’चे संपादक राहिलेले विद्याधर गोखले १९८९ साली मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि निवडून आले. त्यांचा पक्ष कोणाला आवडो वा न आवडो, माणूस पुढच्या दाराने आत गेला. त्यानंतरची यादी पाहा. संजय राऊत २००४ पासून राज्यसभेत. भारतकुमार राऊत २००८ ते २०१४ राज्यसभेत. कुमार केतकर २०१८ ते २०२४ राज्यसभेत. पक्ष निरनिराळे, लेखणीचे वळण निरनिराळे, पण दार एकच. यांपैकी कोणाच्याही विद्वत्तेबद्दल वा धीटपणाबद्दल मला शंका घ्यावयाची नाही. पण ज्या वाचकाच्या जोरावर ही मंडळी मोठी झाली, त्या वाचकाला या निवडीत कोणी विचारले?

राज्यसभेचा खासदार आमदार निवडतात. पूर्वी निदान त्या आमदाराचे मत गुप्त असे आणि उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असावा लागे. २००३ साली कायदा बदलला आणि दोन्ही बंधने गेली. आता आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावयाची! या बदलाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेले, ठाऊक आहे? कुलदीप नय्यर. स्वतः पत्रकार, आणि स्वतः १९९७ साली राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमलेले. २००६ साली ते हरले. पत्रकारांच्या जमातीत मला त्यांचा हा पराभव कित्येकांच्या विजयाहून मोलाचा वाटतो.

आमच्या बीड जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. प्रमोद महाजन अंबाजोगाईचे. तिथल्या खोलेश्वर शाळेत मास्तर होते, ‘तरुण भारता’त उपसंपादक होते, म्हणजे एका अर्थी माझ्याच बिरादरीतले. वक्तृत्वात कोणाला हार जाणारे नव्हते. १९८६ साली ते राज्यसभेत गेले. १९९६ साली ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि जिंकले. १९९८ साली त्याच मतदारांनी त्यांना घरी पाठविले; आणि त्याच वर्षी ते राज्यसभेतून परत येऊन मंत्री झाले. खाते कोणते? माहिती आणि नभोवाणी! कायद्यात यात काडीचेही वावगे नाही. पण लोकांनी ‘नाही’ म्हटले तर त्या ‘नाही’ची किंमत किती दिवस टिकते, याचा हिशेब करण्याचा अधिकार मास्तराला आहे की नाही?

हा प्रश्न मला इतका का झोंबतो, तेही सांगतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणून विधानपरिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मला मत नाही. मी शिकवितो प्राथमिक शाळेत. शिक्षक मतदारसंघ माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांसाठी, म्हणून तिथेही मला मत नाही. गावच्या सालगड्याला आहे तेवढेच एक मत माझ्याजवळ आहे. ते मागावयाला कोणी आलेच नाही, तर माझ्याजवळ उरले काय?

कोणी म्हणेल, लोकसभेतल्या खासदारालाही पक्षादेश पाळावाच लागतो. १९८५ चा पक्षांतरबंदीचा कायदा दोघांनाही सारखाच. कबूल. आयुष्यभर ‘आमचे स्पष्ट मत’ लिहिलेल्या माणसाला तिथे हात वर करताना पक्षाच्या प्रतोदाकडे पाहावे लागते. पण लोकसभेतल्याला एक वाट मोकळी असते. राजीनामा द्यावा, गावात यावे आणि म्हणावे, “मला हे पटले नाही; आता तुम्ही ठरवा.” राज्यसभेतल्याने राजीनामा देऊन कोणाच्या दारात जावे? ज्याने पाठविले, त्याच्याच ना!

युक्रेनमध्ये एक गृहस्थ ही वाट चालून पाहते झाले. गोंगाद्झे नावाच्या पत्रकाराने २००० साली ‘उक्रायिन्स्का प्राव्दा’ हे इंटरनेटवरचे पत्र काढले आणि त्याच वर्षी त्याचा खून झाला. त्या पत्रातले लेश्चेन्को आणि नय्येम २०१४ साली राष्ट्राध्यक्ष पोरोशेंको यांच्या पक्षाच्या यादीतून पार्लमेंटात गेले. ते गेले तेही मागल्याच दाराने, असे मी म्हणेन. पण २०१९ साली लेश्चेन्को कीव शहरातल्या एका मतदारसंघात एकटे उभे राहिले. पडले. पडले, पण ज्यांच्यासाठी लिहीत होते, त्यांच्यासमोर पडले.

आता शेवटची सबब. मतदार जात पाहतात, पैसा पाहतात. तिथे बिचाऱ्या संपादकाचे काय चालणार? ही सबब ऐकली की मला राग येतो, कारण तिच्यात माझ्या जिल्ह्याची निंदा आहे. १९६७ साली बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठविले. माणूस सांगलीकडच्या येडेमच्छिंद्रचा. आमच्या जिल्ह्यात ना शेत, ना सोयरा, ना कारखाना. दहा वर्षांनी, १९७७ साली, गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले, तेही कम्युनिस्टच. जो जिल्हा ऊसतोडीला बैलगाड्या जुंपून परमुलखात जातो, त्याला परमुलखातला माणूस ओळखता येत नाही असे समजू नका.

लोकसभेच्या उमेदवाराला अनामत २५ हजार रुपये भरावी लागते. अपक्षाला दहा सूचक लागतात. एवढे वाचक ज्याच्याजवळ नाहीत, त्याने अग्रलेख कोणासाठी लिहिले? आमच्या शाळेतले केंद्र मतदानाच्या दिवशी सकाळी ७ वाजता उघडते.