चेटकिणींच्या प्रेमकथांची बाजू

कादंबरीत चेटकीण आहे आणि ती प्रेमातही पडते, एवढे कळले की पुष्कळ जाणकार वाचक ते पुस्तक न उघडताच निकालात काढतात. इंग्रजीत या प्रकाराला आज मोठा वाचकवर्ग आहे. आपल्याकडच्या मुलीही या कादंबऱ्या आवडीने वाचतात. त्यांच्यावरचे आक्षेपही ठरून गेले आहेत. शेवट आधीच ठाऊक असतो, जादूटोण्याचे उदात्तीकरण होते आणि बायकांना स्वप्नरंजनाची चटक लागते. तिन्ही आक्षेप नीट तपासले तर एकही टिकत नाही.

पहिला आक्षेप सुखान्ताचा. प्रेमकथेत दोघे शेवटी एकत्र येणार हे खरेच ठरलेले असते. पण मग कालिदासाच्या ‘शाकुंतला’चे काय करायचे? त्यात ऋषीचा शाप आहे, माशाच्या पोटात सापडलेली अंगठी आहे आणि शेवटी पतिपत्नींची पुन्हा भेट आहे. प्रेम आणि चमत्कार यांच्या जोडीवरच हे नाटक उभे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांना शेवट माहीत नव्हता असे थोडेच आहे? रहस्यकथेत खुनी सापडणार हेही वाचक गृहीतच धरतो. शेवटापर्यंत लेखक कोणत्या वाटेने नेतो, वाटेत माणसे किती खरी वाटतात, यावर कादंबरीची किंमत ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि महाराष्ट्रात तर तो हसण्यावारी नेता येणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली इथे जादूटोणाविरोधी कायदा झाला. सातपुड्यात आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ होतो. अशा समाजात चेटकिणीच्या गोष्टी कशाला, असे विचारणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण त्यांचा रोख चुकतो.

टेरी प्रॅचेट यांची ‘द वी फ्री मेन’ ही २००३ची कादंबरी पाहावी. मिसेस स्नॅपर्ली नावाची एक म्हातारी गावाबाहेर एकटी राहते. सरदाराचा मुलगा बेपत्ता होतो आणि म्हातारीनेच त्याला भाजून खाल्ले, असे गाव ठरवून टाकते. तिचे घर जाळतात, मांजर मारतात. कोणीही आसरा देत नाही आणि ती बर्फात मरते. धनगराच्या घरातली नऊ वर्षांची टिफनी एचिंग मात्र साधा विचार करते: म्हातारीच्या भट्टीत अख्खा मुलगा मावणार तरी कसा? पुन्हा कुणाचे असे होऊ नये म्हणून ती स्वतः चेटकीण व्हायचे ठरवते. अंधश्रद्धेला खतपाणी घालणारी गोष्ट अशी नसते. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी पडताळून पाहा, हा दाभोलकरांच्या चळवळीचाच आग्रह इथे एक लहान मुलगी धरते.

उरला स्वप्नरंजनाचा आक्षेप. तो घेणारे इंग्रजी कादंबरीकार जॉर्ज एलियट या लेखिकेचा दाखला देतात. त्यांनी १८५६ साली एका लेखात लेखिकांच्या उथळ कादंबऱ्यांवर सडकून टीका केली, हे खरेच. पण त्याच लेखात त्यांनी असेही बजावले की कादंबरी हे स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने उभे राहता येईल असे क्षेत्र आहे. त्यांचा राग सुमार लिखाणावर होता. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या प्रेमकथावाचक बायकांशी बोलून १९८४ साली पुस्तक लिहिले. घरातल्या सगळ्यांचे करून झाल्यावर वाचनाची वेळ तेवढी आपली, असे त्या बायका सांगत होत्या. क्रूर नायकाच्या कादंबऱ्या त्यांना नकोशा होत्या. वाचक भाबडे नसतात. ‘ट्वायलाइट’ या कादंबरीतला नायक मुलीच्या खोलीत चोरून शिरून तिला झोपलेली पाहत बसतो, यावर टीका करणाऱ्यांत तरुण वाचक मुलीही होत्या.

चेटकिणींच्या गोष्टींची खरी ताकद सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांच्या ‘लॉली विलोज’मध्ये दिसते. १९२६ सालची ही कादंबरी. वडील गेल्यावर लॉली लंडनला भावाच्या घरी येते आणि वर्षानुवर्षे सगळ्यांची हक्काची आत्या होऊन राहते. एके दिवशी दुकानात ती फुले घेते. सोबतच्या पानांच्या डहाळ्या कुठून येतात असे विचारते, त्या मुलखाचा नकाशा विकत घेते आणि घरच्यांचा विरोध न जुमानता तिकडे राहायला जाते. तिथे ती चेटकीण होते. स्वतःच्या वेळेवर स्वतःचा हक्क, हेच तिला चेटकीण होण्यातून मिळते. लेखिकेला स्वतःची खोली हवी, असे सांगणारे व्हर्जिनिया वुल्फ यांचे ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ यायला अजून तीन वर्षे होती.

लॉलीला हा हक्क एकटेपणातच मिळाला. आजच्या चेटकीण-प्रेमकथा तिथून पुढचा प्रश्न विचारतात: हा हक्क न सोडता कुणाची सोबत मिळेल का? भारतात वाढलेल्या संगू मंदण्णा यांच्या ‘द व्हेरी सीक्रेट सोसायटी ऑफ इररेग्युलर विचेस’मध्ये (२०२२) मिका मून ही भारतात जन्मलेली अनाथ मुलगी इंग्लंडमध्ये वाढते. चेटकिणींनी लपून राहावे, एकमेकींपासूनही लांब राहावे, असे तिला लहानपणापासून शिकवले आहे. तीन लहान चेटकिणींची शिक्षिका म्हणून ती एका घरात येते आणि तिथल्या ग्रंथपालाच्या प्रेमात पडते. आपण कोण आहोत हे न लपवता कुणाचे तरी होता येते, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळते.

या कादंबरीवर टीका जरूर व्हावी. मिका इतक्या वर्षांचा नियम मोडते तो क्षण पुरेसा पटतो का, सगळी माणसे अखेरीस फारच गोड होतात का, तिचा भारतातला जन्म नावापुरताच उरतो का, असे प्रश्न समीक्षकाने विचारलेच पाहिजेत. मराठी नियतकालिकांत अनुवादित साहित्याला जागा असते; तिथे चरित्राची किंवा ऐतिहासिक कादंबरीची चिकित्सा होते, तशीच या पुस्तकांचीही झाली पाहिजे, आणि ती पुस्तक पूर्ण वाचलेल्या माणसाने केली पाहिजे.