विझलेल्या भट्ट्यांच्या गावी

दिवाळी जवळ आली की आमच्या इमारतीतल्या बाळगोपाळांना किल्ल्यासाठी विटा हव्या असतात. यंदाही चौघे दारात उभे राहिले. “आजोबा, लाल विटा कुठे मिळतील हो?” कोपऱ्यावरच्या बांधकामाकडे बोट दाखवणार होतो, पण तेथे हल्ली सगळे राखाडी सिमेंटचे ठोकळे! आणि लाल वीट म्हटले की मला गेल्या हिवाळ्यात पाहिलेले व्हिएतनाममधले एक गाव आठवते.

माझा भाचा नोकरीनिमित्त हो ची मिन्ह शहरात असतो. तो म्हणाला, “मामा, देवळे-राजवाडे सगळेच पाहतात. तुम्हांला विटांचे गाव दाखवतो.” शहरापासून तीनएक तासांच्या वाटेवर, मेकाँग नदीच्या मुखाकडच्या सखल मुलखात व्हिन्ह लाँग प्रांत आहे. तेथे मेकाँगच्या को चिएन नावाच्या फाट्यालगत मांग थितच्या वीटभट्ट्या आहेत. आमची नाव ज्या कालव्यातून चालली होती, त्याचे नाव थाय काय. मी विचारले, “काय?” भाचा म्हणाला, “तेच!”

आपल्याकडे कच्च्या विटा रचून भट्टी लावतात आणि भाजून झाली की ती मोडतात. येथल्या भट्ट्या कायमच्या, विटांच्याच बांधलेल्या, गोल घुमटाच्या आणि दोन-तीन मजली घराएवढ्या उंच. काठाकाठाने कोणी प्रचंड कणग्या मांडून ठेवल्या आहेत असे वाटावे!

धंद्याची घडी मोठी सोयीची होती. भातखाचरांखालची चिकणमाती विटेला, त्याच भाताचे तूस जळणाला आणि ने-आण करायला दारातले पाणी. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा, आणि हा मुलूख म्हणजे व्हिएतनामचे भाताचे कोठार. तुसाने शिगोशीग भरलेल्या नावा भट्टीला लागत. दार लिंपून विस्तव पेटवला की दोन-तीन आठवडे रात्रंदिवस थोडेथोडे तूस आत लोटत राहायचे. जाळ मंदावला तर वीट कच्ची, भडकला तर वाकडी!

1980 च्या दशकात भट्ट्यांची संख्या 3000 च्या घरात गेली होती. पुढे दिवस फिरले. तुसाला दुसरी गिऱ्हाइके मिळाली, त्याचा भाव चढला. धुराच्या तक्रारी होत्याच. 2010 मध्ये सरकारने न भाजलेल्या विटांना उत्तेजन देण्याचा कार्यक्रम आखला. एकेक भट्टी विझत गेली. कित्येकांनी त्या पाडून जुन्या विटा विकल्या.

एका भट्टीपाशी साठी उलटलेल्या एक बाई झाडलोट करीत होत्या. घुमटावर गवत माजले होते. भाचा दुभाष्या झाला. तरुणपणी त्यांनी डोक्यावर विटा वाहिल्या, मग नवऱ्याबरोबर भट्टी चालवली. “धूर फार असेल ना?” मी विचारले. त्या हसून म्हणाल्या, “धुराने डोळे अधू झाले, पण मुले शिकली.” मुलगा शहरात सिमेंटचे ठोकळे विकतो! जुन्या विटांचा व्यापारी दोनदा येऊन गेला होता. तेवढ्या पैशांत घराचे गळके छप्पर नवे झाले असते.

“मग द्यायची का भट्टी?”

त्या काही बोलल्या नाहीत. आम्हांला आत घेऊन गेल्या. आत काळाभोर गारवा, आणि वरच्या भोकातून उतरलेला उजेड. भट्टीच्या तोंडाशी एक झिजलेला दगड होता. त्यावर हात ठेवून म्हणाल्या, “येथे बसून ते जाळाचा रंग पाहत. मुलाला तो ओळखता येत नाही. मला येतो.”

2021 मध्ये प्रांताने या भट्ट्या वारसा म्हणून राखण्याचे मनावर घेतले. पाहुणे येतील, छायाचित्रे काढतील, उत्तमच आहे. पण बाईंचा प्रश्न छपराचा, आणि पाऊस काही योजनेची वाट पाहत नाही. शिवाय घुमट राखला तरी जाळाचा रंग कोण राखणार?

निघताना त्यांनी माझ्या हातात एक वीट ठेवली. भाचा सामानाच्या वजनावरून कुरकुरला. मी ऐकले नाही. तिथल्या मातीतल्या क्षारांची पांढुरकी झाक असलेली ती वीट माझ्या टेबलावर कागद दाबून बसलेली असते. भट्टी उभी आहे का, असे मी भाच्याला अधूनमधून विचारतो. “अजून आहे,” असे त्याने गेल्याच आठवड्यात कळवले.

ती वीट मी मुलांना दिली. त्यांनी ती किल्ल्याच्या महादरवाजाला लावली आहे. दिवाळी संपताच परत आणून द्यायची, हे मात्र चौघांनाही बजावून सांगितले आहे.